अर्जाची तारीख आणि मंजुरीची तारीख

"गुरुजी, हे काम लवकर कसं होईन?" हा प्रश्न मला राजापेठेत जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा माझ्या कादंबऱ्यांविषयी कोणी विचारत नाही. त्याचे मला दुःख नाही. कादंबरी वाचल्यावाचून माणसाचे अडत नाही. अर्ज मंजूर झाल्यावाचून मात्र अडते. मी एका लहानशा शाळेत मास्तर आहे. माझे शिक्षण दहावीपलीकडे गेले नाही. जुन्या माणसांच्या भाषेत मी मॅट्रिक. परंतु आमच्या पेठेतील लोकांची अशी भाबडी समजूत आहे की, जो पुस्तक लिहू शकतो त्याला अर्जही लिहिता येतो. म्हणून संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास माझ्या ओट्यावर कोणी ना कोणी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेले असते. कोणाचा मुलगा जन्मापासून चालत नाही, कोणाच्या नवऱ्याचा पाय यंत्रात गेला, कोणाच्या म्हाताऱ्या बहिणीला दिसत नाही. पिशवीतील कागद निरनिराळे असतात. प्रश्न एकच असतो. लवकर कसे होईल?

वाचकहो, दिवाळीच्या दिवसांत, फराळाची ताटली शेजारी असताना, सरकारी अर्जाची रडकथा कशाला, असे तुम्ही म्हणाल. मी रडकथा सांगणार नाही. मला भांडायचे आहे, आणि ते केवळ कचेरीशी नाही. तुमच्या-माझ्यासारख्या धडधाकट, सुशिक्षित, सुस्वभावी माणसांशीही आहे. कारण "लवकर कसे होईल?" या प्रश्नाला आपल्या समाजाने जी उत्तरे तयार ठेवली आहेत, ती तीनच आहेत: ओळख, चिठ्ठी आणि पैसा. ही तिन्ही उत्तरे आपण इतक्या सहजपणे देतो की, त्यांत काही गैर आहे असे आपल्याला वाटेनासे झाले आहे. माझे म्हणणे असे की, ही तिन्ही उत्तरे चोरीची आहेत. आणि खरे उत्तर निराळे असून ते मागण्याचे धैर्य आपण कधी केलेले नाही.

प्रथम शब्दाचा निकाल लावू. पूर्वी आपण 'अपंग' म्हणत होतो. २०१५ च्या अखेरीस देशाच्या पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द पुढे केला आणि बघता बघता पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, नमुने बदलले. महाराष्ट्राने तर ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेच काढले. ही गोष्ट चांगली झाली, यात वाद नाही. पण माझ्या ओट्यावर येणारा माणूस अजून आपल्याला अपंगच म्हणतो, आणि मीही या लेखात तोच शब्द वापरणार आहे. कारण ज्याच्या अंगात काही दिव्य आहे असे आपण म्हणतो, त्याला कचेरीच्या जिन्याखाली तिष्ठत ठेवताना आपल्याला काहीच कसे वाटत नाही, हे मला कळत नाही. शब्द बदलायला वेळ लागला नाही. कागद पुढे सरकायला का लागतो?

हा कागद कोणकोणत्या घाटांवरून जातो ते पाहा. पहिला घाट वैद्यकीय प्रमाणपत्राचा. १ जून २०२१ पासून हे प्रमाणपत्र सबंध देशात फक्त संगणकावरील 'स्वावलंबन' नावाच्या दालनातूनच मिळते. त्याबरोबर अपंगाचे वैश्विक ओळखपत्र मिळते. त्यासाठी आधी अर्ज भरायचा, मग सरकारी दवाखान्यात जाऊन तज्ज्ञापुढे उभे राहायचे, आणि त्याने टक्केवारी ठरवायची. चाळीस टक्के भरले तर कायद्याच्या सवलती लागू. एकोणचाळीस भरले तर घरी जा. दुसरा घाट दाखल्यांचा: उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, पंधरा वर्षे या राज्यात राहिल्याचा पुरावा, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पुस्तक. तिसरा घाट तहसिलीचा. तेथे संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज दाखल होतो. ही योजना १९८० सालची, म्हणजे माझ्याहून वयाने वडील. चौथा घाट समितीचा. तालुक्याची समिती असते, तिच्यावर पालकमंत्र्यांच्या पसंतीचे अशासकीय अध्यक्ष नि सदस्य असतात. बैठक लागली तर अर्ज निघतो, न लागला तर कपाटात राहतो. सरकार बदलले, समिती बरखास्त झाली, निवडणुकीची आचारसंहिता आली, की कपाटाला आणखी एक कुलूप. आणि पाचवा घाट बँकेचा: आधार जोडलेले नसेल, नावात एक काना कमी-अधिक असेल, बोटांचे ठसे यंत्राला पटत नसतील, तर मंजूर झालेला पैसाही वाटेतच अडतो. मजुरीने बोटे झिजलेल्या माणसाला आणि ज्याला बोटेच नाहीत अशा माणसाला यंत्र एकच उत्तर देते: जुळत नाही.

हे पाचही घाट ओलांडून जो पलीकडे जातो त्याला काय मिळते? २०१९ साली महिन्याला हजार रुपये झाले, २०२३ साली दीड हजार झाले आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून अपंगांना अडीच हजार. ही वाढ सहजासहजी झाली नाही. २०२५ च्या जून महिन्यात आमच्याच जिल्ह्यात, गुरुकुंज मोझरीला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीजवळ बच्चू कडू यांनी अन्नत्याग केला होता. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबरच अपंगांना महिन्याला सहा हजार द्या, ही त्यांची एक मागणी होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने हजार रुपयांची वाढ केली. कडू यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो. परंतु रकमेसाठी लोक रस्त्यावर उतरले, हे खरे. माझा प्रश्न पुढचा आहे. ज्याचा अर्जच मंजूर झाला नाही, त्याला दीडाचे अडीच झाले काय नि अडीचाचे सहा झाले काय, सारखेच! शून्याला कितीने गुणले तरी शून्यच राहते, हे मी चौथीच्या मुलांना शिकवतो. रकमेसाठी उपोषणे झाली. तारखेसाठी आजवर कोणी उपोषण केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणि खरी मेख तारखेतच आहे. तुम्ही कर्ज काढले तर व्याज कधीपासून? पैसे उचलल्या दिवसापासून. विजेचे बिल थकले तर दंड कधीपासून? मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सरकारचे आपल्याकडे जे येणे असते त्याची तारीख सरकार एक दिवसही विसरत नाही. पण अपंगाचे सरकारकडे जे येणे असते ते सुरू होते मंजुरीपासून, अर्जापासून नव्हे. मधले महिने हवेत विरून जातात. आमच्या पेठेतील एका आईने आपल्या मुलाचा अर्ज एका कचेरीत दिला, तो आठ महिन्यांनी मंजूर झाला. मुलगा पहिल्या दिवशी जितका अपंग होता तितकाच आठव्या महिन्याच्या अखेरीसही होता. मधल्या आठ महिन्यांत तो काही चालू लागला नव्हता. तरीही ते आठ महिने कोणाच्याच हिशेबात नाहीत. आजच्या दराने वीस हजार रुपये होतात. हे वीस हजार कोणी लाटले असे मी म्हणत नाही. कोणी लाटले असते तर निदान एक गुन्हेगार तरी सापडला असता! येथे सगळे प्रामाणिक, सगळे नियमानुसार, आणि तरी त्या आईचे वीस हजार नाहीसे.

उशीर हा दैवी कोप नव्हे, किंवा केवळ कारकुनाचा आळसही नव्हे. या व्यवस्थेत उशिराची किंमत फक्त एकाच माणसाला मोजावी लागते, आणि तो माणूस सर्वांत दुबळा असतो. कचेरीला उशिराची झळ पोचत नाही. समितीला नाही. तिजोरीला तर उलट फायदाच. ज्या गोष्टीची झळ कोणाला लागत नाही ती गोष्ट सुधारत नसते, हा जगाचा नियम आहे. मानधन अर्जाच्या तारखेपासून मोजायचे एवढे एकच वाक्य नियमात घाला, आणि मग पाहा! प्रत्येक रखडलेल्या महिन्याचे ओझे तिजोरीवर पडू लागले की, वरचा साहेब खालच्या साहेबाला विचारू लागेल, अर्ज का पडून आहे म्हणून. आज तो विचारत नाही, कारण विचारण्याचे कारण नाही.

तुम्ही म्हणाल, कायदा काय झोपला आहे? नाही, कायदा चांगला जागा आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस झाले. आमच्या मेळघाटातल्या कोरकू वस्त्यांतून ज्या रोगाने पोरे वाळून जातात तो सिकलसेलही त्यात आला. २०१७ च्या नियमांत असे लिहिले होते की, अर्ज आल्यापासून एका महिन्यात प्रमाणपत्र द्यावे. उत्तम! मग २०२४ च्या ऑक्टोबरात नियम सुधारले. सुधारले म्हणजे काय केले? एका महिन्याचे तीन महिने केले. शिवाय असेही ठरवले की, दोन वर्षांहून अधिक काळ निर्णयच झाला नाही तर तो अर्ज निष्क्रिय समजावा. अर्जदाराने पुन्हा अर्ज करावा किंवा जुना चालू करून घ्यावा. मी हे दोनदा वाचले. शाळेत एखाद्या मास्तराने दोन वर्षे उत्तरपत्रिका तपासली नाही आणि मग मुलाला सांगितले की, बाळ, तुझी उत्तरपत्रिका आता शिळी झाली, तू पुन्हा परीक्षेला बस, तर पालक त्या मास्तराला गावात राहू देतील काय? मग तोच न्याय राजपत्रात छापून आला की तो शहाणपणाचा कसा होतो?

आणखी एक गोष्ट. याच २०१६ च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमात लिहिले आहे की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत इतरांना जे साहाय्य मिळते त्याहून किमान पंचवीस टक्के अधिक अपंगाला मिळावे. कारण उघड आहे: अपंगाला जगायला खर्च अधिक येतो. धडधाकट माणूस पायी जातो तेथे त्याला रिक्षा लागते, सोबतीला माणूस लागतो, त्या माणसाची मजुरी बुडते. आता केंद्राचे निवृत्तिवेतन पाहा. गरीब विधवेला केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. ऐंशी टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या गरीब माणसाला केंद्राचा वाटा? तोही ३०० रुपये! हा आकडा २०१२ सालापासून हललेला नाही. कायद्याचे पंचवीस टक्के कोठे गेले, असे मी कोणाला विचारू? विधवेचे कमी करा असे मी म्हणत नाही. ३०० रुपयांतून कमी करण्यासारखे उरले आहे तरी काय? कायदा करणाऱ्यांनी कायदा वाचावा, एवढेच माझे मागणे आहे.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. पहिला आक्षेप नेहमीचा: "अहो, बोगस फार आहेत!" आहेत, मी कशाला नाही म्हणू? २०२४ साली सनदी सेवेतल्या एका प्रशिक्षणार्थीच्या प्रमाणपत्रावरून सबंध देशभर गाजावाजा झाला. त्यानंतर जिकडेतिकडे तपासणीची लाट आली. पण मला सांगा, खोटे प्रमाणपत्र करणारा माणूस कधी रांगेत उभा राहतो काय? त्याचे काम तर सर्वांत लवकर होते! त्याच्यापाशी ओळख असते, चिठ्ठी असते, पैसा असतो. लबाडाला चाळण्यासाठी लावलेली चाळणी लबाडाला अडवत नाही. ती अडवते पाय फरपटत आलेल्या म्हाताऱ्याला, ज्याच्या जन्मतारखेचा पुरावा नाही. उशीर हा लबाडीवरचा उपाय नव्हे; तो लबाडीचा सर्वांत मोठा पोशिंदा आहे. ज्या दुकानात माल सरळ मिळतो तेथे काळाबाजार चालत नाही. अर्ज ठरल्या दिवशी निघू लागले तर दलालाला एक चहा तरी कोण पाजेल?

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा: "माणसे कमी, कामे फार." हे मात्र मला पटते, निदान अर्धे तरी. मी मास्तर आहे. जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण यांची ओझी मास्तरांवर कशी पडतात ते मला ठाऊक आहे. तलाठी, कारकून, नायब तहसीलदार यांनाही तीच कथा लागू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे साडेएकोणतीस लाख अपंग मोजले गेले होते. तेव्हा प्रकार सातच्या पुढे थोडेच गेले होते, एकवीस नव्हते. त्यांचे कागद पाहायला माणसे पुरत नाहीत, हे खरे असेल. तज्ज्ञ डॉक्टर तर त्याहून दुर्मिळ. धारणीहून निघालेल्या माणसाला अमरावती सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडते. घाट उतरून तो आला आणि कानाचे डॉक्टर आज नाहीत असे ऐकून परत गेला, तर त्यात डॉक्टरचा दोष काय? पण माणसे कमी आहेत म्हणून तारीख सांगता येत नाही, हे मात्र मला पटत नाही. रेल्वेलाही गाड्या कमीच पडतात. तरी ती प्रतीक्षा यादीतला क्रमांक सांगते. तुमचा अर्ज एकशे चाळिसावा आहे, रोज पाच निघतात, अमक्या दिवशी या, एवढे सांगायला नवा कारकून नेमावा लागत नाही. "उद्या या" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच "मंगळवार, दहा तारीख" असेही म्हणता येते.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो: "फुकट तर मिळते आहे, मग थोडा धीर धरावा." या आक्षेपाशीच माझे खरे भांडण आहे, कारण तो कचेरीत जन्मलेला नाही, तो आपल्या घरात जन्मलेला आहे.

आमचा वऱ्हाड दानशूर आहे. गाडगेबाबांनी याच मातीत खराटा हाती धरला, आंधळ्या-पांगळ्यांच्या पंगती उठवल्या, आणि १९५६ च्या डिसेंबरात याच अमरावतीच्या परिसरात देह ठेवला. दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली गावाबाहेर तपोवन उभारले आणि ज्या कुष्ठरोग्यांना सख्खे लोक शिवत नव्हते त्यांना काम दिले, घर दिले. आजही अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर टाकून दिलेल्या मुलांचे बाप होऊन बसले आहेत. सव्वाशेच्या आसपास अपंग, मतिमंद, अंध, मूकबधिर लेकरांना त्यांनी आपले नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या माणसांपुढे माझे मस्तक नम्र आहे. पण आपण त्यांच्याकडून काय शिकलो? आपण शिकलो ते दिवाळीत अंधशाळेत फराळाची पाकिटे वाटायला आणि वाटताना छायाचित्र काढायला. या थोर माणसांनी मात्र पाकिटे वाटली नाहीत. दाजीसाहेबांनी रोग्याला भिकेपासून सोडवले. शंकरबाबा वर्षानुवर्षे सरकारशी एका गोष्टीसाठी झगडले: अठरा वर्षे पूर्ण झाली की बेवारस अपंग मुलाला संस्थेबाहेर काढणारा नियम बदला. म्हणजे ज्याने सव्वाशे लेकरांना पोटाशी धरले त्यालाही शेवटी नियमाशीच भांडावे लागले! दयेने पोट भरते, पण हक्कावाचून पाय जमिनीवर टेकत नाहीत, हे त्यांना कळले होते. आपल्याला अजून कळलेले नाही.

आपल्याला द्यायला आवडते. दुसऱ्याचे देणे लागतो हे मात्र आवडत नाही. दान केले की माणूस मोठा होतो. देणे फेडले की फक्त सुटतो. म्हणून दान लवकर होते आणि देणे रखडते. आपल्या घरातील चिठ्ठीची गोष्ट याच स्वभावातून निघते. तुमचा भाचा कचेरीत आहे, तुमचा वर्गमित्र नगरसेवक आहे. मोलकरणीचा नवरा लंगडा आहे, तिने विनवले, तुम्ही फोन केला, चार दिवसांत काम झाले. तिने तुमचे पाय धरले. तुम्हाला किती बरे वाटले! पण वाचकहो, क्षणभर त्या कचेरीतल्या ढिगाकडे पाहा. तिचा कागद तळातून वर आला तेव्हा बाकीचे सगळे कागद एकेक पायरी खाली गेले. त्या खाली गेलेल्यांत एखादी अशी बाई होती की जिला मालकीण नाही, जिच्या मालकिणीला भाचा नाही. तुम्ही एका अपंगाचे भले केले ते दुसऱ्या अपंगाच्या खिशातून. आणि याहून वाईट असे की, ज्या बाईचे काम झाले तिलाही तुम्ही शिकवलेत की हक्काने काही मिळत नसते, कृपेने मिळते. ती आता पुढच्या वेळी रांगेत उभी राहणार नाही. ती तुमच्या दारात उभी राहील. तिच्या मुलालाही ती तेच शिकवील.

म्हणून मी गेली काही वर्षे चिठ्ठी लिहिणे साफ नाकारतो. लोक रागावतात. "गुर्जी, तुमची तं इतली ओळख हाये, मंग एवढं बी करत नाई का बापा?" असे तोंडावर ऐकावे लागते. मी ऐकून घेतो आणि त्यांच्यापुढे कागद ठेवतो. कारण सरळ मार्गाने लवकर होण्याचे जे चार उपाय आहेत ते कोणी सांगतच नाही. अर्ज देण्यापूर्वी आधार, शिधापत्रिका, प्रमाणपत्र आणि बँकेचे पुस्तक या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकसारखे आहे का ते पाहा; निम्मे अर्ज एका मात्रेपायी परत येताना मी पाहिले आहेत. अपंगत्व कायमचे असेल तर प्रमाणपत्रही कायमचे मागा, म्हणजे दर काही वर्षांनी तुटलेला पाय अजून तुटलेलाच आहे हे दाखवायला जावे लागणार नाही. अर्ज देताच पोच घ्या. तारीख, क्रमांक आणि शिक्का असलेली. पोच नसलेला अर्ज म्हणजे नदीत सोडलेला दिवा, दिसायला सुंदर, पण पुन्हा हाती न येणारा.

आणि मग कायदे वापरा. २०१५ साली महाराष्ट्राने लोकसेवा हक्काचा कायदा केला आहे. त्याखाली जाहीर झालेली सेवा, जसा उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला, ठरल्या मुदतीत मिळाली नाही तर तीस दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, मग आयोग. या आयोगाचे आयुक्त आमच्या अमरावती विभागालाही आहेत. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड त्या कायद्यात लिहिला आहे. २००५ चा माहितीचा अधिकार तर सर्वांना ठाऊक आहे. पण तो आपण गावच्या राजकारणासाठी वापरतो, स्वतःच्या अर्जासाठी वापरत नाही. दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत. त्यात एकच विचारायचे: माझा अमुक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या टेबलावर होता? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मी असे अर्ज लिहून दिले आहेत. उत्तर येण्यापूर्वीच कागद हललेला मी पाहिला आहे. याखेरीज पुण्याला अपंगांसाठीचे राज्य आयुक्त आहेत. त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

हे सगळे उपाय एकट्या अपंगाच्या हातून होण्यासारखे नाहीत, हे मला कळते. ज्याला कचेरीचा जिना चढवत नाही त्याला मी आयोगाची पायरी दाखवतो आहे! म्हणूनच हा लेख मी त्याच्यासाठी लिहिला नाही. तुमच्यासाठी लिहिला आहे. तुमच्या घरात लिहिता-वाचता येणारी चार माणसे आहेत, संगणक नसला तरी मोबाईल आहे, मुलीला अर्ज भरता येतो, आजोबांना निवृत्तीनंतर वेळ आहे. जी ऊर्जा तुम्ही फोन करून ओळख काढण्यात घालवता ती पोच मागण्यात घालवा. कोणाचे काम करून द्यायचे असेल तर पुढच्या दाराने करा.

सरकारकडे मागायचे असेल तर माझ्या तीन मागण्या आहेत, आणि तिन्हींना नवी इमारत लागत नाही. एक: मानधन अर्जाच्या तारखेपासून मोजा. दोन: अर्ज, त्यांचे क्रमांक आणि निर्णयाची अपेक्षित तारीख यांची यादी कचेरीच्या भिंतीवर लावा, नावे नकोत, क्रमांक पुरेत. तीन: समितीची बैठक ठरल्या मुदतीत झाली नाही तर कागदपत्रे पूर्ण असलेला अर्ज मंजूरच झाला असे समजा. दोन वर्षांच्या निष्काळजीपणाने अर्ज मरतो असा नियम करता येतो, तर एका बैठकीच्या गैरहजेरीने तो जगतो असा नियम का करता येऊ नये? लोकसेवा हक्क आयोगाचे ब्रीद आहे, 'आपली सेवा आमचे कर्तव्य'. कर्तव्य म्हटले की त्याला मुदत आली. ज्याला मुदत नाही त्याला मर्जी म्हणतात.

या दिवाळीत तुम्ही फराळाचे डबे जरूर वाटा. गोड खाऊन कोणाचे वाईट होत नाही. पण डबा देताना समोरच्या माणसाला एक प्रश्न विचारा: "तुमचा अर्ज कोणत्या तारखेला दिलात, आणि पोच कोठे आहे?" पोच असेल तर तिच्यावरची तारीख आपल्या वहीत उतरून घ्या. नसेल तर भाऊबीज झाल्यावर, कचेरी उघडल्याच्या पहिल्या दिवशी, त्याच्याबरोबर जा. चिठ्ठी नेऊ नका. रांगेत उभे राहा, आणि पोच घेतल्यावाचून परत फिरू नका.